बडीशेपेचा माग

हाय बर्करिग,
२१ नोव्हेंबर २००४

थर्झा, माझ्या पोरी,

तुझं कार्ड काल आलं. पोस्टमन बिली फाटकापासूनच हाका मारत आला, लीड्सचं कार्ड, लीड्सचं कार्ड म्हणून. उघडं कार्ड, त्यामुळं वाटेत त्यानं वाचलंच असणार, म्हणजे हेस्टर मॉसपच्या नातीनं दोन वर्षांनी चार ओळी लिहिल्या हे आता सगळ्या खोऱ्याला माहीत झालं. होऊ दे. त्याला जमलं नसतं तर मीच सांगत फिरले असते. कार्ड मी पिठाच्या डब्यामागं ठेवलंय. पीठ काढायला गेले की वाचते. काल त्या नादात दोनदा पाव भाजून झाला, आणि खाणारी आम्ही दोघंच.

फोनवर बोलू म्हणतेस, तर नको. फोन आजोबाच्या खुर्चीला टेकलेला आहे. बहिरेपण त्याला फक्त मी काही काम सांगितलं की येतं. त्यापेक्षा मी आपली लिहीन. माझं शुद्धलेखन तुझ्या वर्गातल्या पोरांना दाखवू नकोस म्हणजे झालं. मी तेरा वर्षांची असताना शाळेनं मला सोडलं, का मी शाळेला, ते आता आठवत नाही.

आजोबा कसा आहे विचारतेस. गुरुवारी रेडिओवर सांगितलं की कायदा पास झाला, फेब्रुवारीपासून कुत्र्यांनी कोल्ह्याची शिकार बंद. तेव्हा तो मेंढीचे खूर कापत होता. त्यानं रेडिओ बंद केला आणि म्हणाला, "झाला असेल तुझ्या नातीला आनंद." मी म्हटलं, विचार की तिलाच. तर म्हणाला, "मेंढीचा पाय नीट धर." बस, एवढंच. पण त्या मेंढीचे खूर इतके बारकाईनं कापले की तिला आता नाचायला नेता येईल.

तुमचं दोघांचं काय झालं ते मी उगाळत बसणार नाही. शिकारबंदीविरुद्धच्या लंडनच्या त्या मोर्च्याला तो बसनं गेला आणि तू रस्त्याच्या दुसऱ्या कडेला पाटी धरून उभी होतीस. मी मात्र दोन डबे दिले होते त्याच्याजवळ. वाटलं, एवढ्या गर्दीत भेटलात तर निदान जेवाल एकत्र. तो तुला दिसला, त्यालाही तू दिसलीस, आणि तुझा डबा तसाच परत आला. ते सँडविच मी कोंबड्यांना घातले आणि त्या रात्री जेवले नाही, हे मात्र त्याला माहीत नाही. त्याचं म्हणणं काय होतं ठाऊक आहे का तुला? मला वाटलं पाटीबद्दल बोलेल. म्हणाला, "पोरीच्या पायात कसले ते बूट, पावसात पाणी धरणारे."

ब्रायर मजेत आहे. याही मेमध्ये शिकारीचा हंगाम संपला आणि कुत्री सांभाळणाऱ्या फिअरननं शिकारी टोळीचे कुत्रे उन्हाळ्यापुरते घरोघर वाटले तेव्हा ती आपल्याकडं आली, दरवर्षीसारखी. गाडीतून उतरली आणि सरळ जिना चढून तुझ्या खोलीत. पिल्लू असताना तू तिला पलंगावर घ्यायचीस ना, ते काही ती विसरत नाही. सप्टेंबरात शिकारीसाठी परत न्यायला फिअरन आला, तर तिला पलंगाखालून मागच्या पायांनी ओढून काढावं लागलं. टोळीतली सगळ्यात तरबेज कुत्री ती, आणि अशी ओढत नेली. फिअरनला भारी लाज वाटली. केस पिकले आता त्याचे.

पुन्हा लिही. कार्ड नको, पाकीट टाक. बिलीला जरा उपाशी ठेवू.

तुझी आजी


९ जानेवारी २००५

थर्झा बाळा,

तुझं चार पानी पत्र पोचलं. एवढं लांब पत्र मला माझ्या लग्नाआधी तुझ्या आजोबानंसुद्धा लिहिलं नव्हतं. त्याचं सगळ्यात लांब पत्र म्हणजे "शनिवारी येतो, घोंगडी आण."

आता गंमत सांगते. पत्र मी टेबलावर उघडं विसरले आणि कोंबड्यांकडं गेले. कोंबड्यांकडं त्या दिवशी मला बराच वेळ लागला. परत येते तर पत्र पालथं, आणि तिसऱ्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग. आजोबा चुलीपाशी उभा, पाठमोरा. मला काहीच बोलला नाही. किटलीशी बोलला. तुझ्या पत्राची सगळी उत्तरं त्यानं किटलीला दिली, मी फक्त ऐकत होते.

तू लिहिलंस की चाळीस कुत्र्यांनी एका जनावराचा पाठलाग करणं हे कुठल्या माणुसकीत बसतं. किटलीला सांगितलेलं उत्तर असं: बंदुकीचा छर्रा पायाला लागला तर कोल्हा बिळात पडून सडून मरतो आणि ते कुणाला दिसत नाही, म्हणून शहरात चालतं. कुत्र्यांकडून तो एका झटक्यात मरतो, नाही तर अख्खा सुटतो, अर्धा कधीच नाही. तू लिहिलंस की मग त्या मरणाची गाणी रात्री पबमध्ये का म्हणता. यावर त्यानं किटली खाली ठेवली. तो सरपण आणायला गेला, आणि सरपण भरपूर होतं.

मला विचारशील तर मी काय सांगू? माझी बदकं मारली कोल्ह्यानं, सातही, खाल्लं एकच. एप्रिलमध्ये कोवळ्या कोकराचं नुसतं शेपूट सापडतं तेव्हा मला वाटतं, सोडा सगळे कुत्रे, मीसुद्धा येते मागून. आणि गेल्या वसंतात वरच्या भिंतीवरून एक कोल्हीण तोंडात पिल्लू धरून चालली होती, माझ्यापासून या टेबलाएवढ्या अंतरावर. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. मी घरी येऊन कोबी चिरला. आजोबाला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. म्हणजे बघ, माझ्या मताचा कुणालाच उपयोग नाही.

पण एक गोष्ट तुला कळायला हवी. टोळीच्या मंडळाची बैठक झाली. फेब्रुवारीनंतर कुत्र्यांना काम नसेल तर टोळी मोडायची म्हणतात. डोंगरात धावायला जन्मलेली जनावरं, ती कोण गादीवर पाळणार? दोनचार जातील कुणाकडं. बाकीच्यांना फिअरनच बंदूक लावणार, आणि त्या दिवसापासून फिअरनचं काही खरं नाही. तू लिहितेस, म्हातारे कुत्रे तुम्ही असेच मारत आलात. खरं आहे, पोरी. तो विषय निघाला की तुझा आजोबा उठून बाहेर जातो, तो आजच नाही, चाळीस वर्षं जातोय.

एक मार्ग आहे म्हणतात. फडक्याला बडीशेपेचं तेल आणि रॉकेल लावून कुणीतरी डोंगरातून ओढत न्यायचं, आणि कोल्ह्याऐवजी कुत्रे त्या वासाच्या मागावर सोडायचे. त्याला कायद्याची हरकत नाही. आजोबा म्हणाला, फडकी भांडी पुसायला असतात. पण टोळी मोडा असंही तो म्हणाला नाही.

गरम कपडे घालतेस ना?

आजी


२० फेब्रुवारी २००५

थर्झा,

कुणी फोन करून सांगण्याआधी मीच सांगते. मी शेवटची शिकार बुडवली.

गुरुवार शेवटचा दिवस. कुठून कुठून माणसं आलेली, म्हाताऱ्या एस्मीला तर तिच्या मुलानं पाठीवर घेऊन वरपर्यंत आणलं. कॅमेरेवाले दोघं. आजोबानं कोट घातला, लग्नातला नाही, त्याच्या नंतरचा. सगळे डोंगरावर. मी मागं राहिले, कारण रात्री पन्नास माणसांना मटण-बटाटा घालायचा होता. मोठं पातेलं चुलीवर चढवलं, कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर आले, आणि सवयीनं, अगदी सवयीनं, पत्र्याचा वाडगा दारावर तीनदा आपटून जी हाक मारते ती मारली.

आता कोंबड्यांना आणि उन्हाळ्यात ब्रायरला मी एकाच हाकेत बोलावते, हे तुला माहीत आहे. दोन वेगळ्या हाका मारायला मला वेळ कुठं असतो?

कोल्हा तेव्हा वरच्या कड्याखाली, टोळी त्याच्या अगदी मागं, सगळ्यात पुढं ब्रायर. लोक म्हणतात तिनं मान वर केली, जागीच वळली, आणि निघाली उताराला. आणि बाकीच्यांचा तिच्यावर इतका भरवसा की सगळे तिच्या मागं. मी वर बघते तर चाळीस कुत्रे भिंतीवरून उड्या मारत माझ्याकडं येताहेत. कोंबड्या छपरावर गेल्या. ब्रायर आत शिरली, तिच्या मागून सगळे आत शिरले, आणि पन्नास माणसांचं मटण मी पातेल्याच्या झाकणावर बसून वाचवलं. झाकण तापलेलं होतं, बाकी काय ते समजून घे.

कोल्हा दगडांच्या घसरणीवर जाऊन बसला आणि बघत राहिला म्हणे. शंभर वर्षांची शिकार अशी संपली.

सगळे खाली आले आणि माझ्या अंगणात गोळा झाले. मग एस्मी मुलाच्या पाठीवरूनच हसायला लागली, आणि ती हसली म्हटल्यावर बाकीच्यांनाही हसावं लागलं. आजोबा हसला नाही. रात्री मला म्हणाला, "हेस्टर, खरं सांग. पोरीनं शिकवलं का तुला हे?" मी म्हटलं, वाडगा आपटायला मला कुणी शिकवायला नको. तेव्हापासून तो मीठसुद्धा मागत नाही, हात लांब करून घेतो.

तू हसत असशील. हस. मीही हसते आहे, उभ्या उभ्या.

आजी


१० मार्च २००५

थर्झा बाळा,

घाईत लिहिते, भट्टीत पाव आहे.

बडीशेपेचा माग करून बघितला. तरणी पोरं यायला तयार नाहीत, चिंधी ओढायला आम्ही काय मोलकरणी आहोत म्हणतात. शेवटी बिलीनं सुट्टीच्या दिवशी फडकं घेतलं. चांगल्या मनाचा आहे बिचारा. पण त्याचे पाय तीस वर्षं एकाच वाटेनं गेलेत. कुत्रे सोडले, तर ते पहिल्या फाटकात शिरले, दारापर्यंत गेले, वळून बाहेर आले, मग दुसऱ्या फाटकात. सगळ्या खोऱ्यात घरोघर जाऊन आले. पाद्र्याच्या पायरीवर जरा जास्त वेळ थांबले, कारण तिथं बिलीला चहा मिळतो.

आजोबा म्हणाला, "कोल्हा टपाल वाटत नाही." गेल्या तीन आठवड्यांतलं त्याचं पहिलं वाक्य.

तर ऐक. ईस्टरच्या शनिवारी शेवटचा प्रयत्न. मंडळाची माणसं बघायला येणार आणि त्यानंतर ठरवणार, टोळी ठेवायची का मोडायची. डोंगर नीट चढून जाणारं कुणीतरी हवं. काल आजोबा बूट काढता काढता म्हणाला, "या खोऱ्यात डोंगर पळत चढणारी एकच होती, आणि ती लीड्समध्ये पोरांना पाढे शिकवते." मला नाही, बुटांना म्हणाला.

तू ये. त्यानं बोलावलेलं नाही, मी बोलावते आहे. तुझं मत बदलू नकोस, मत तिथंच ठेव आणि पाय तेवढे घेऊन ये. तुला हे सोपं नाही ते कळतं मला. तुझ्याबरोबर पाटी धरणारे काय म्हणतील, तेही कळतं. पण कोल्हा तर सुटला आता. राहिले ते कुत्रे.

पाव जळाला. बघ, तुझ्यामुळं.

आजी


२९ मार्च २००५

माझ्या थर्झा,

काल तुला स्टेशनवर सोडून आल्यापासून घर कसं रिकामं वाटतंय, आणि तरी मी गुणगुणत फिरते आहे. आजोबा दोनदा म्हणाला, चक्की चालू आहे का कुठं.

तू रागावून गेलीस का गं? मला वाटतं थोडी रागावलीस. शुक्रवारी तू जेवायला बसलीस आणि तो तुझ्याकडं न बघता म्हणाला, हेस्टर, पाहुणीला बटाटे दे. तू तुझी अट सांगितलीस, की खरा कोल्हा आडवा आला तर कुत्रे परत फिरवायचे, नाही तर मी फडक्याला हात लावणार नाही. फिअरननं शब्द दिला. आजोबानं दिला नाही, बशीत बघत राहिला. आणि शनिवारी तू एवढा डोंगर तुडवून चिखलानं माखून, मागं चाळीस कुत्रे घेऊन अंगणात उतरलीस, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तर अडीच वर्षांनी तो तुझ्याशी पहिलं काय बोलला? "ओढा चुकीच्या जागी ओलांडलास." तू म्हणालीस, "आजोबा, मी कोल्हा नाही." आणि आंघोळीला गेलीस.

आता तू वर होतीस तेव्हा खाली काय झालं ते सांगते. मला सांगायला बंदी आहे. म्हणून पत्राचं हे पान दुमडून ठेवणार आहे.

आजोबाचे गुडघे वर जात नाहीत आता, म्हणून तो वरच्या शेताच्या भिंतीतल्या खिंडारापाशी उभा होता. मी चहा घेऊन गेले होते. तू कड्यावरच्या ढगात गेलीस आणि दिसेनाशी झालीस. कुत्रे मागावर होते, ब्रायर पुढं, काय सुरेख आवाज येत होता, खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. तो हळूच पुटपुटत होता, आता डावीकडं घे पोरी, डावीकडं, तिथं दगड सुटे आहेत. तुला ऐकू जाणार आहे का? पण त्याचं चालूच.

आणि तेवढ्यात आमच्या समोरच, वाळलेल्या नेच्यातून, कोल्हा उठला. मोठा, लालभडक, पोट भरलेला. कुत्र्यांच्या मधल्या झुंडीनं मान वळवली. बडीशेप कुठं आणि हा कुठं. दहाबारा कुत्रे मागावरून फुटले आणि सरळ त्याच्यावर. कोल्ह्याला जायला वाट एकच, आमचं खिंडार. तो आमच्या पायांमधून गेल्यासारखा गेला. फिअरन पार पलीकडं, शिंग फुंकत, त्याचं कोण ऐकतंय?

थर्झा, मी तुझ्या आजोबाकडं बघितलं. त्याच्या सगळ्या जन्मात त्याच्या इतक्या जवळ असा कोल्हा आला नसेल. त्यानं फक्त बाजूला व्हायचं होतं. कुणीही काही म्हटलं नसतं. म्हाताऱ्याला कुत्रे आवरले नाहीत, एवढंच झालं असतं.

तो खिंडारात आडवा उभा राहिला. हात पसरून, काठी आडवी धरून. पहिला कुत्रा त्याच्या छातीवर आदळला. मला वाटलं पडतो आता, पण पडला नाही. नावं घेऊन एकेकाला अशा शिव्या दिल्या की त्या मी लिहिणार नाही, तू शिक्षिका आहेस. आणि फिरवले. सगळेच्या सगळे फिरवले, परत बडीशेपेवर नेऊन घातले. मग वाकून गुडघे धरले आणि बराच वेळ श्वास घेत राहिला.

फिअरन धावत आला. आजोबा त्याला म्हणाला, "पोरीला शब्द दिला होता."

फिअरन म्हणाला, "तो मी दिला होता, एमस."

"मग तू कुठं होतास?"

त्यानंतर तू ढगातून खाली उतरताना दिसलीस. तो चटकन भिंतीवर बसला, पाईप काढला, जणू सकाळपासून तिथंच बसून कंटाळलाय. मला म्हणाला, "यातलं एक अक्षर तिला कळलं तर बघ." छातीवर त्याच्या कुत्र्याच्या पंजाचे ओरखडे आहेत. मी रोज मलम लावते आणि विचारत नाही कशाचे.

काल संध्याकाळी मंडळाची बैठक झाली. टोळी राहणार. नेहमीप्रमाणं मेमध्ये कुत्रे घरोघर जाणार, ब्रायर आपल्याकडं. पुढच्या हिवाळ्यात माग कोण घालणार याची चर्चा झाली, तेव्हा बिलीनं हात वर केला आणि सगळ्यांनी मिळून तो खाली केला. दोन तरण्या पोरांनी मग आपणहून नावं दिली. एका पोरीनं आपल्यापेक्षा लवकर डोंगर चढला हे त्यांना झोंबलंय, मला ठाऊक आहे. आजोबा उठून म्हणाला, यांना आधी कोल्ह्यासारखं चालायला कुणीतरी शिकवावं लागेल. कोण शिकवणार विचारलं तर खाली बसला.

आता तो समोर येऊन बसलाय आणि विचारतोय, एवढं काय लिहितेस, पोरगी कालच तर गेली. मी म्हटलं, पावाची कृती. तो म्हणतोय, पेन दे इकडं. थांब, वरचं दुमडते.

भरपूर प्रेम.

आजी

थर्झा,
कोल्हा ओढ्यात शिरला की लगेच पलीकडं चढत नाही. पाण्यातूनच वर जातो, बराच, आणि दगडावर पाय देत बाहेर येतो. पुढच्या वेळी ते कर.
त्या बुटांनी करू नकोस. तुझ्या मापाचे मी बघून ठेवतो.
कोल्ह्याबद्दल तुझं माझं पटायचं नाही.
मेमध्ये ये.
आजोबा